व्हिलनकडे नको, टपरीवाल्याकडे बघा

पीएचडीच्या मुलाखतीचा सराव करायला मुलं येतात, तेव्हा मी त्यांना विषयातला प्रश्न आधी विचारत नाही. विचारते ते असं : "क्राइम सिरीजमधला एखादा व्हिलन आठव, ज्याची तुला खरोखर भीती वाटली. का वाटली?" उत्तरं ठरलेली असतात. ॲक्टिंग भारी होती. डोळे खतरनाक होते. आवाज जबरदस्त होता. मग दुसरा प्रश्न : "हे मोजायचं झालं तर काय मोजशील?" इथे बहुतेकांची गाडी अडते.

मी प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी, प्राण्यांचं वर्तन हा माझा विषय. सिनेमाच्या अभ्यासकाला यातलं वेगळं काही दिसेल, ते दिसू द्या. मला यात दिसतो तो धाक दाखवण्याचा संकेत, तो देणारा प्राणी आणि तो घेणारा प्राणी. आणि 'भीती वाटली' इथपासून मोजता येईल अशा प्रश्नापर्यंत कसं पोहोचायचं, हे शिकायला याच्यापेक्षा सोपं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही. प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइल, वही आणि पेन पुरतं.

प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. चौक. चहाची टपरी, दोन बाकडी, पेपर वाचणारे म्हातारे, मोटरसायकलला टेकलेली पोरं. आमचं सिरसाळा परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, तिथला कुठलाही चौक डोळ्यांसमोर आणला तरी चालेल. धूळ उडवत पांढरी गाडी येते. दार उघडतं, आधी पाय दिसतो, चेहरा सगळ्यात शेवटी. टपरीवाला उकळता चहा सोडून उभा राहतो. उतरलेला माणूस बरणीतून बिस्किट काढतो, अर्धं खातो, अर्धं परत बरणीत टाकतो. बाकड्यावरच्या एकाच्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, पोरगी कितवीला गेली रे तुझी? आणि निघून जातो. शिवी नाही, मारहाण नाही, हत्यार नाही. तरी आपल्या पोटात गोळा येतो.

आता यात घडलं काय? लिहून काढा. बिस्किट खाल्लं, विचारपूस केली. वहीत एवढंच येतं. म्हणजे जे घडलं असं आपल्याला वाटतं, ते आपण त्याच्याकडे बघून नोंदवूच शकत नाही.

इथे मराठी भाषा आपल्याला मदत करते. भीतीच्या या मुलखात आपल्याकडे शब्द भरपूर आहेत : धमकी, धाक, वचक, जरब, दरारा, दहशत. ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदं बघा. धमकी देतात. धाक दाखवतात किंवा घालतात. दहशत माजवतात. पण वचक बसतो, जरब बसते. आणि दरारा? दरारा नुसता असतो. 'त्याने मला दरारा दिला' असं कुणी म्हणत नाही. जी गोष्ट 'देतात' ती देणाऱ्याच्या वागण्यात मोजता येते : किती वेळा, कोणते शब्द, किती अंतरावरून. जी 'बसते' ती ज्याच्यावर बसली त्याच्याकडेच मोजावी लागते. आणि जी नुसती 'असते' ती तर तो माणूस तिथे नसतानासुद्धा असते. त्याचं नाव निघाल्यावर आवाज खाली येतो का, एवढ्यावरून ती कळते.

संशोधनाच्या भाषेत याला ऑपरेशनल डेफिनिशन म्हणतात, म्हणजे मोजता येईल अशी व्याख्या. पुस्तकात हा शब्द वाचून पाठ करणारे पुष्कळ असतात. तो कळतो तेव्हा, जेव्हा तुम्ही 'दहशत' आणि 'दरारा' यांच्यासाठी वेगवेगळे रकाने आखायला बसता. आपल्या त्या प्रसंगात धमकी शून्य आहे, दरारा मात्र पूर्ण आहे. ज्याने दोघांना एकच रकाना दिला, त्याचा सगळा डेटा वाया.

आता थोडं प्राण्यांकडे. १९७३ साली जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी एक प्रश्न मांडला : बहुतेक प्राणी भांडताना जीव घेईपर्यंत का जात नाहीत? त्यांचं उत्तर थोडक्यात असं की लढाई दोघांनाही महाग पडते, म्हणून आधी ताकदीचा अंदाज घेऊन माघार घेणं परवडतं. मग अंदाज कशावरून घ्यायचा? स्कॉटलंडच्या रम बेटावरच्या तांबड्या हरणांवर क्लटन-ब्रॉक आणि ॲल्बन यांनी १९७९ मध्ये जे काम प्रसिद्ध केलं, त्यात नर आधी एकमेकांवर डरकाळ्या फोडतात, मग शेजारीशेजारी समांतर चालतात, आणि तरीही निकाल लागला नाही तरच शिंगाला शिंग भिडवतात. डरकाळी सतत फोडत राहणं दमवणारं काम आहे, थकलेल्याला ते जमत नाही. म्हणून तो संकेत खरा. बेडकासारख्या दिसणाऱ्या भेकाचं उदाहरण तर अजून सुंदर आहे. डेव्हिस आणि हॅलिडे यांनी १९७८ मध्ये दाखवलं की आवाज बंद केलेल्या नराजवळ स्पीकरवरून जाड, खालच्या पट्टीतला आवाज वाजवला, की प्रतिस्पर्धी त्याच्यावर कमी हल्ले करतात. बारीक आवाज वाजवला तर जास्त. मोठ्या शरीराचा आवाज जाड असतो आणि लहान भेकाला तो सहजी काढता येत नाही.

'व्हिलनचा आवाज भारी होता' हे उत्तर म्हणजे याच भेकाच्या गोष्टीचा एक तुकडा. चुकीचं नाही, पण अपुरं. कारण माणसाला आवाज बदलता येतो, नट तर त्याचेच पैसे घेतो. चेहऱ्याचंही तसंच. विटकोवर आणि ट्रेसी यांच्या २०१९ च्या अभ्यासात चेहऱ्यावर कुठलाही भाव नसताना नुसतं डोकं थोडं खाली झुकवलं, तरी पाहणाऱ्यांना तो माणूस जास्त दबावाचा वाटला, कारण तसं केल्याने भुवया खाली ओढल्यासारख्या दिसतात. तुमच्या आवडत्या व्हिलनचे पोस्टर काढून बघा, निम्मे तरी हनुवटी खाली घेऊन बघत असतील. एवढं स्वस्त असेल तर प्रत्येकजण हे करून दादा का होत नाही?

कारण नकली बिल्ला लावणाऱ्याला समाज तपासतो. हॅरिस स्पॅरो नावाची अमेरिकन चिमणी आहे, तिच्या थव्यात जितका गळा-छातीवर काळा रंग जास्त, तितका मान जास्त. रोहवर आणि रोहवर यांनी १९७८ मध्ये कमी मानाच्या पक्ष्यांना काळा रंग लावला. मान वाढला नाही, उलट त्यांना मार पडला. काहींना रंग न लावता फक्त टेस्टोस्टेरॉन दिलं. ते आक्रमक झाले, पण समोरच्यांनी त्यांना जुमानलं नाही. रंग आणि आक्रमकता दोन्ही मिळाले, तेव्हाच पक्षी वरच्या पायरीवर गेले. प्रयोगाची रचना लक्षात ठेवा, मुलाखतीत उपयोगी पडेल : फक्त चिन्ह, फक्त वर्तन, दोन्ही. तीन गट केले म्हणून उत्तर मिळालं.

याच चष्म्यातून 'अर्धसत्य' बघा. १९८३ चा गोविंद निहलानींचा हिंदी सिनेमा, पण हाडामासाने मराठी : श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा आणि विजय तेंडुलकरांची पटकथा. नगरचे सदाशिव अमरापूरकर त्यात रामा शेट्टी होते आणि त्या भूमिकेने त्यांना हिंदीत नाव दिलं. सब-इन्स्पेक्टर वेलणकर शेट्टीला पकडायला त्याच्या अड्ड्यावर जातो. शेट्टी आरडाओरडा करत नाही, अंगावर येत नाही. तो एक फोन लावतो. वरचा अधिकारी वेलणकरला मागे फिरायला सांगतो आणि वेलणकर फिरतो. बस. काळा रंग नाही, डरकाळी नाही. प्राण्यांच्या जगात ताकदीचा संकेत शरीराला जोडलेला असतो. इथे तो ओळखीच्या जाळ्याला जोडलेला आहे. आणि हे जाळं खरं आहे हे सगळ्यांसमोर सिद्ध होतं, कारण फोन खरंच उचलला जातो. मला विचाराल तर हिंदी सिनेमातल्या कितीतरी किंचाळणाऱ्या व्हिलनांपेक्षा हा फोन जास्त घाबरवणारा आहे. किंचाळणारा माणूस अजून सिद्ध करतोय. याचं करून झालंय.

आता मुख्य मुद्दा, 'सगळ्यांसमोर'. व्हिलनला त्या टपरीवाल्याशीच काम असेल तर ते रात्री घरी जाऊनही करता येतं. चौकात का? आपल्याकडे म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. एकाला बोलायचं, दुसऱ्याला लागायला हवं. याचा माशांवर प्रयोग झालेला आहे. ऑलिव्हेरा, मॅकग्रेगर आणि लात्रुफ यांनी १९९८ मध्ये सयामी फायटर माशांची झुंज तिसऱ्या माशाला बघू दिली. नंतर या तिसऱ्याला विजेत्यासमोर आणि पराभूतासमोर आणलं. ज्याने झुंज पाहिली होती, तो विजेत्याजवळ जायला जास्त वेळ घेत होता. ज्याला झुंज दिसलीच नव्हती, त्याच्या वागण्यात असा फरक नव्हता. म्हणजे एका झुंजीचा फायदा विजेत्याला पुढच्या कितीतरी भेटींत मिळतो, अंगाला ओरखडा न लागता. वर्तनशास्त्रात अशा तिसऱ्याला चोरून ऐकणारा म्हणतात, पण चौकातल्या प्रसंगात चोरी नाही. त्याला ऐकवायचंच असतं.

म्हणून माझा सल्ला : व्हिलनकडे बघू नका, टपरीवाल्याकडे बघा.

हे करायची पद्धत तयार आहे. जीन ऑल्टमन या केनियातल्या बबून माकडांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ. त्यांचा १९७४ चा निरीक्षणाच्या पद्धतींवरचा निबंध वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कुणालाही वाचावाच लागतो. त्यांचं एक म्हणणं असं की जे ठळक दिसेल ते टिपत गेलात तर मोठे, आक्रमक, उठून दिसणारे प्राणीच तुमच्या वहीत भरतील. त्यावर उपाय, एक प्राणी आधी ठरवायचा आणि ठरावीक वेळ फक्त त्याचीच नोंद घ्यायची, तो काही करत नसला तरी. कॅमेरा नेमका उलटं करतो. दिग्दर्शकाने तुमच्यासाठी व्हिलन आधीच निवडून ठेवलेला असतो. तेव्हा एक दृश्य निवडा, फ्रेममधला एक साधा माणूस पकडा आणि दर पाच सेकंदांनी थांबवून लिहा : नजर कुठे आहे, उभा की बसलेला, व्हिलनपासून अंतर वाढलं की कमी झालं, हातातलं काम चालू की थांबलं, बोलतोय का. मग दुसरा माणूस. मग तिसरा. 'घाबरलेला दिसतो' असं लिहायचं नाही, ते निरीक्षण नाही, तो निष्कर्ष झाला. 'हातातलं काम थांबलं' हे निरीक्षण.

मग तेच दृश्य मैत्रिणीला द्या, तिने तुमची वही न बघता नोंदी कराव्यात. दोघींच्या नोंदी किती जुळल्या हे नुसत्या टक्क्यांत सांगू नका, काही नोंदी योगायोगानेही जुळतात. तो भाग वजा करणारं माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलं, त्याला कोहेनचा कप्पा म्हणतात. गणित कॅल्क्युलेटरवर होतं. जुळणी कमी आली तर बहुतेक वेळा दोष मैत्रिणीचा नसतो, व्याख्या ढिसाळ असते.

आणि एक करा, आवाज बंद करून बघा. पार्श्वसंगीत हा या अभ्यासातला सगळ्यात मोठा गोंधळ घालणारा घटक. ढोल किंवा एकसुरी घरघर वाजली की कोपऱ्यात बसलेली आजीसुद्धा खुनी वाटते. खालून वर बघणारा कॅमेरा हा दुसरा. भीती तुम्हाला वाटली की टपरीवाल्याला, हे वेगळं करायचं असेल तर संगीत काढावं लागतं. आवाजासह आणि आवाजाशिवाय, दोन वेगळ्या गटांना दाखवून तुलना, हा एका सेमिस्टरचा नीटस प्रोजेक्ट होऊ शकतो. एकाच गटाला दोन्ही दाखवलंत तर दुसऱ्यांदा पाहताना त्यांना गोष्ट माहीत असेल, हे विसरू नका.

एक गोष्ट मला अशा नोंदी करताना सारखी खटकते. चौकातल्या दृश्यात बाया जवळजवळ नसतातच. असल्या तर पदर सावरत फ्रेमबाहेर जातात, किंवा छळायच्या म्हणून आणलेल्या असतात. बाजाराच्या दिवशी कुठल्याही गावात जाऊन बघा, भाजी विकायला कोण बसलेलं असतं? पडद्यावरचा 'सामान्य माणूस' हा आधीच गाळलेला नमुना आहे. मर्यादा लिहिताना हे लिहायचं.

आता बघ्यांबद्दल. ते गप्प का राहतात? भित्रे असतात, हे सोपं उत्तर. लाताने आणि डार्ली यांचा १९६८ चा प्रयोग बघा. खोलीत माणूस फॉर्म भरतोय आणि भिंतीतून धूर यायला लागतो. एकटा असेल तर ७५ टक्के लोकांनी जाऊन कळवलं. सोबत दोन माणसं काहीच न झाल्यासारखी बसवली, तर फक्त १० टक्क्यांनी. धूर तोच. यात तर व्हिलन नव्हता, धूरच होता. प्रत्येकजण शेजाऱ्याच्या शांत चेहऱ्यावरून अंदाज घेतो आणि स्वतःचाही चेहरा शांत ठेवतो, जो पुन्हा शेजारी वाचतो. चौकातल्या शांततेत भीती किती आणि ही एकमेकांच्या चेहऱ्यांची फसगत किती, हे वेगळं करणं अवघड आहे. याच कारणासाठी तो प्रश्न संशोधनाच्या लायकीचा आहे.

'सामना' हा मला या विषयावरचा सगळ्यात पुढचा मराठी सिनेमा वाटतो. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, लेखन पुन्हा तेंडुलकरांचं, १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखानदारीचा, सहकाराचा पुढारी. तो मास्तरला, म्हणजे श्रीराम लागूंना, मारत नाही. बंगल्यावर ठेवून घेतो, दारू पाजतो, हसतो. मास्तर मारुती कांबळे या माणसाचं काय झालं, एवढंच विचारत राहतो. दरारा हिंदुरावच्या चेहऱ्यावर शोधाल तर थोडाच सापडेल. तो आहे त्या एका प्रश्नाचं उत्तर न देणाऱ्या सगळ्यांच्यात.

बीड जिल्ह्यातून हे लिहिताना एका गोष्टीला बगल देता येत नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांची हत्या झाली. आरोपींवर मोक्का लागला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. त्याचा निवाडा न्यायालय करेल, मी नाही. पण त्यानंतर जिल्ह्यात शस्त्र परवान्यांवर मोठी चर्चा झाली, कमरेला पिस्तूल लावून फिरणं, हवेत गोळीबार करतानाचे व्हिडिओ. प्रशासनाने छाननी करून अनेक परवाने रद्द केले. मला त्या वेळी हॅरिस स्पॅरोच आठवली. दिसेल असं लावलेलं पिस्तूल हा बिल्ला आहे, आणि सरकारी शिक्क्याचा परवाना असेल तर तो बिल्ला रामा शेट्टीच्या फोनसारखंही काम करतो. बिल्ला काढून घेतला की मान उतरतो का, की मागचं वर्तन आणि जाळं तसंच राहिल्यावर काहीच फरक पडत नाही? हा प्रश्न कुणीतरी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने घ्यावा असं मला फार वाटतं. दुसरीकडे, त्या काळात बाहेरगावी खोली शोधणाऱ्या आमच्या पोरांना 'बीडचे का?' म्हणून दोन पावलं मागे सरकणारे घरमालक भेटत होते. दरारा अख्ख्या जिल्ह्याला चिकटतो, तो न मागितलेल्यांनाही.

कायद्यालाही हा फरक कळतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीसाठी आहे, पूर्वीच्या दंडविधानात ते ५०३ आणि ५०६ होतं. त्यात इजा करण्याची धमकी सिद्ध करावी लागते. अर्धं बिस्किट परत बरणीत टाकणं त्यात कसं बसवणार? पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मधलं तडीपारीचं कलम ५६ वाचा. एखाद्या माणसाविरुद्ध साक्षीदार स्वतःच्या जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे साक्ष द्यायला तयार नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत होणं हा त्यातला एक महत्त्वाचा भाग आहे. म्हणजे इथे कायदा गुंडाकडे कमी आणि टपरीवाल्याकडे जास्त बघतोय. 'दिलेली' गोष्ट ३५१ मध्ये, 'बसलेली' गोष्ट ५६ मध्ये. अर्थात मत अधिकाऱ्याचं असल्याने ते चुकीच्या माणसावरही वापरता येतं, आणि लोकांच्या गप्प बसण्याचा पुरावा कसा तपासायचा हा वाद न्यायालयात पुन्हा पुन्हा येतो.

पडद्यावरून खऱ्या जगाबद्दल किती बोलायचं? मुलाखतीत हा प्रश्न येणारच. दिएगो गाम्बेत्ता यांनी इटलीच्या माफियावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या २००९ च्या पुस्तकातला एक मुद्दा असा की गुन्हेगारच सिनेमांची नक्कल करतात, कारण सिनेमाने प्रेक्षकांना संकेतांचा अर्थ आधीच शिकवून ठेवलेला असतो. काळी काच, गाड्यांचा ताफा, सावकाश उतरणं, हे गावातल्या पोराला ओटीटीवरून आयतं मिळतं आणि बघणाऱ्यालाही त्याचा अर्थ माहीत असतो. तेव्हा सिरीज हा वास्तवाचा आरसा म्हणून अभ्यासू नका. ती संकेतांची शाळा म्हणून अभ्यासता येते.

यातून हुरूप येऊन कुणी खऱ्या चौकात मोबाइल घेऊन चित्रीकरण करायला जाऊ नका. माणसांवरचा अभ्यास संस्थेच्या नैतिकता समितीच्या परवानगीशिवाय होत नाही. आणि इथे धोका तुमच्यापेक्षा त्या टपरीवाल्याला जास्त आहे. तुम्ही बसने निघून जाल, तो उद्याही तिथेच चहा उकळणार. आधी दहा दृश्यं पडद्यावर करा.

नोंदींच्या तक्त्यात एक रकाना बहुतेक जण ठेवत नाहीत, तो ठेवा. गाडी निघून गेल्यावर नोंद बंद करू नका. दिग्दर्शकाने दृश्य लगेच कापलं नसेल तर घड्याळ चालू ठेवा आणि लिहा, चौकात पहिला शब्द किती सेकंदांनी निघाला, तो कुणी काढला, आणि त्यात त्या माणसाचं नाव होतं की नाही.